समुद्रात पडलेला माणूस आणि आपल्या नदीवरची होडी

मंडळी, आजची पोस्ट थोडी लांब आहे आणि विषय तर आणखीच लांबचा. शिडाच्या बोटींच्या महासागरातल्या शर्यती आणि त्यात बोटीवरून पाण्यात पडून गेलेली माणसं. तुम्ही म्हणाल, श्रीगोंद्यात बसून याचं काय? आपल्या जिल्ह्याला तर समुद्रच नाही. पण शेवटपर्यंत वाचा, विषय भीमेच्या काठावर येऊनच थांबणार आहे.

सुरुवात आपल्या मुंबईपासून. १९६४ साली कुलाब्यात सागवानाची एक ३२ फुटी बोट तयार झाली. नाव 'सुहेली'. बांधणारे मुंबईचेच सुतार, हत्यारं जुनी. मालक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा व्यापारी जहाजावरचा तरुण इंग्रज अधिकारी. १४ जून १९६८ ला हा गडी इंग्लंडच्या फालमथ बंदरातून एकटा निघाला आणि कुठंही न थांबता जगाला वळसा घालून ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ ला परत आला. एकट्यानं, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो पहिला माणूस, आणि बोट मुंबईची.

ही 'गोल्डन ग्लोब' शर्यत होती. नऊ जण निघाले, पूर्ण केली एकट्यानं. त्या नवांत डोनाल्ड क्रोहर्स्ट नावाचा एक जण होता. बोट कच्ची, डोक्यावर कर्ज. तो अटलांटिकमध्येच फिरत राहिला आणि रेडिओवरून खोटे ठावठिकाणे कळवत राहिला. १० जुलै १९६९ ला त्याची बोट सापडली, आत कुणी नव्हतं. त्याचं पुढं काय झालं ते कुणी पाहिलं नाही, पण तो समुद्रातच गेला असं मानतात. नॉक्स-जॉन्स्टननं बक्षिसाचे पाच हजार पौंड त्याच्या बायकापोरांना देऊन टाकले.

त्या काळी बोट कुठं आहे हे कळायचा एकच मार्ग होता, खलाशी सांगेल ते.

पुढं ऑगस्ट १९७९. इंग्लंड-आयर्लंडच्या दरम्यानची 'फास्टनेट' शर्यत, ३०३ बोटी. वादळ आलं आणि शर्यतीतले १५ जण गेले. काहींनी कमरेला पट्टे बांधलेले होते, पण ते पट्टे किंवा ज्या कड्यांना ते अडकवले त्या कड्याच तुटल्या. मोठी चौकशी झाली, अहवाल आला, पट्ट्यांचे आणि रेडिओचे नियम कडक झाले.

हा पट्टा म्हणजे काय ते सांगतो, कारण सगळी गोष्ट त्याच्यावरच आहे. बोटीच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत एक मजबूत दोर ताणून बांधलेला असतो. खलाशाच्या छातीला पट्ट्यांचं जाकीट असतं आणि त्यातून निघालेली छोटी दोरी त्या मोठ्या दोराला अडकवायची. म्हणजे माणूस बोटीवर फिरतो, पण बोटीपासून सुटत नाही. गोठ्यातल्या गाईला दावं असतं तसंच.

एवढी काळजी कशाला? हिशोब करून बघा. शर्यतीची बोट १५ नॉटनं, म्हणजे ताशी साधारण २८ किलोमीटरनं चालली असेल, तर एका मिनिटात ती साडेचारशे मीटर पुढं जाते. दोन-तीन माणसांएवढ्या उंच लाटा असल्या की पाण्यातलं डोकं नारळाएवढं दिसतं, लाटेमागं गेलं की तेही नाही. म्हणून खलाशांना शिकवतात, कुणी पडलं की आधी ओरडा, तरंगणारं काही असेल ते फेका आणि एका माणसानं दुसरं काहीही न करता फक्त पडलेल्याकडं बोट दाखवत उभं राहायचं. नजर हटली की माणूस गेला. तोवर बाकीच्यांनी शिडं आवरून बोट फिरवायची. आणि सापडला तरी गार पाण्यानं हातपाय गळालेला, भिजून जड झालेला माणूस वर ओढणं हे वेगळंच दिव्य. बोटीवर माणूस एकटाच असेल तर बोट फिरवणार कोण? ती आपली आपण निघून जाते.

फ्रान्सचा एरिक ताबार्ली म्हणजे या खेळातला देवमाणूस. दोनदा एकट्यानं अटलांटिक ओलांडायची शर्यत जिंकलेला. जून १९९८ मध्ये, शर्यत नसताना, वेल्सजवळ रात्री शीड बदलताना शिडाच्या वासाचा फटका बसला आणि तो पाण्यात गेला. अंगात ना जाकीट, ना पट्टा. महिन्याभरानं मासेमारी बोटीला मृतदेह मिळाला. पट्टा न लावण्याबद्दल तो आधीपासूनच प्रसिद्ध होता.

आणि मार्च २०१८ मध्ये 'व्होल्वो' शर्यतीतला जॉन फिशर. केप हॉर्नच्या पश्चिमेला १४०० सागरी मैलांवर जागा बदलायची म्हणून त्यानं पट्टा क्षणभर सोडला. नेमकं तेव्हाच शीड एका बाजूनं दुसऱ्या बाजूला फिरलं आणि त्या फटक्यानं तो समुद्रात गेला. सोबत्यांनी बोट फिरवून कित्येक तास शोधलं, पण तो मिळाला नाही. अनुभव होता, कपडे नियमाचे होते. पट्टा तेवढ्या एका क्षणाला नव्हता.

आता आपल्या माणसांकडं येऊ. दौंड-बारामती ओलांडलं की फलटण. फलटणजवळच्या विंचुर्णीत निवृत्तीनंतर एक माणूस राहायचा, व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी, १९७१ च्या युद्धातले वीरचक्र विजेते. भारतीयानं भारतात बांधलेल्या शिडाच्या बोटीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हे स्वप्न त्यांचं. गोव्याच्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी 'म्हादेई' बांधली. नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे शिकायला गेले ते थेट नॉक्स-जॉन्स्टनकडं. ऑगस्ट २००९ मध्ये ते मुंबईहून निघाले आणि मे २०१० मध्ये परतले. एकट्यानं प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. पुढं अभिलाष टॉमी याच बोटीतून कुठंही न थांबता फिरून आले.

२०१८ मध्ये जुन्या शर्यतीच्या आठवणीत 'गोल्डन ग्लोब' पुन्हा भरली. नियम असा की दिशा शोधायची ती १९६८ सारखीच, नव्या यंत्रांशिवाय. टॉमी 'सुहेली'च्याच धर्तीवर गोव्यात बांधलेल्या 'थुरिया'तून उतरले. २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात बोट उलटली, डोलकाठी मोडली, पाठीला जबर दुखापत झाली. ऑस्ट्रेलियाचं पर्थ तिथून सुमारे १९०० सागरी मैल, म्हणजे साडेतीन हजार किलोमीटर. तरी २४ तारखेला फ्रान्सच्या 'ओसिरिस' जहाजानं त्यांना उचललं.

कसं काय? कारण दिशा शोधायला जुनी साधनं असली तरी जीव वाचवायला नवीच होती. ठिकाण कळवणारं यंत्र प्रत्येक बोटीवर सक्तीचं होतं. नौदलाचं विमान बरोबर त्यांच्या डोक्यावर पोचलं. क्रोहर्स्टच्या वेळी जे नव्हतं ते पन्नास वर्षांत नियम झालं. आवटी साहेब त्याच नोव्हेंबरात गेले. टॉमी मात्र पुन्हा उभे राहिले आणि २०२३ मध्ये तीच शर्यत दुसऱ्या क्रमांकानं पूर्ण केली.

या इतिहासातून मला एकच गोष्ट दिसते. त्या लोकांनी प्रत्येक मरणातून एक नियम काढला आणि पुढच्या वेळी तो पाळायला लावला. आपण मात्र मरणाला नशीब म्हणतो.

२१ मे २०२४ आठवा. उजनीच्या जलाशयात कळाशी आणि कुगावच्या दरम्यान चालणारी बोट वादळी वाऱ्यानं उलटली. सात जणांतला एक पोहून काठाला लागला, सहा गेले. दोनच दिवसांनी आपल्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या सुगावला, प्रवरेत बुडालेल्यांना शोधायला गेलेली एसडीआरएफची बोट उलटली आणि तीन जवान गेले. चार दिवस बातम्या, मग सगळं शांत. २०२१ चा अंतर्देशीय जहाज कायदा आहे, पण घाटावर तो किती जणांना माहीत आहे?

आपल्या भागाला होडी नवी नाही. पूल होण्याआधी सिद्धटेकच्या गणपतीला भीमा होडीनंच ओलांडायचे. आजही मासेमारीला, शेतात जायला लोक पाण्यात उतरतातच. आणि तरंगायला काही बांधायचं हेही आपल्याला कुणी शिकवायला नको. विहिरीत पोहायला शिकताना पाठीला डबा नाहीतर भोपळा बांधूनच आपण उतरलो. अडचण एवढीच की पोहता यायला लागलं की डबा सुटतो आणि परत कधी बांधायचा नाही ही मर्दुमकी वाटते. ताबार्लीचं तेच झालं.

म्हणून नदीकाठच्या गावांतल्या सरपंचांना आणि तरुण मंडळांना विनंती. होडी जिथं चालते तिथं माणसागणिक जाकीट ठेवा आणि ते फळीखाली नको, अंगात हवं. होडीवर किती माणसं बसवायची तो आकडा रंगवा. आभाळ भरून आलं की होडी बंद. घाटावर लांब दोर आणि हवाबंद रिकामा कॅन कायम ठेवा. कुणी बुडताना दिसलं तर उडी मारायच्या आधी तो फेका.

खर्च एका वाढदिवसाच्या फ्लेक्सपेक्षा फार नाही. पावसाळा आणि विसर्जन यायच्या आत तुमच्या गावच्या घाटावर यातलं काय आहे, काय नाही, ते कमेंटमध्ये लिहा. यादी करू आणि ग्रामसभेत मांडू.