तीन महिन्यांच्या शुगरची कुळकथा

गडचांदूर मागे टाकून माणिकगडचा घाट चढला की जिवती. गोंड, कोलाम, मराठवाड्यातून येऊन वसलेले बंजारा, अशी इथली वस्ती. ‘सिकल’ (सिकलसेल हा रक्ताचा आजार) हा शब्द या भागात म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही ठाऊक आहे. ‘शुगर’ म्हणजे मधुमेहही आता गुड्यांपर्यंत, आदिवासी पाड्यांपर्यंत पोचला आहे. लोकांना हे दोन आजार एकमेकांना परके वाटतात. पण शुगरच्या तपासणीचं मूळ शोधत गेलं की वाट सिकलच्याच अंगणातून जाते.

तपासणी म्हणजे एचबीएवनसी, बोलीत ‘तीन महिन्यांची शुगर’. नावातला ‘ए’ म्हणजे मोठ्या माणसाचं नेहमीचं हिमोग्लोबिन. रक्तातली साखर त्याला हळूहळू चिकटते आणि एकदा पक्की बसली की तांबडी पेशी मरेपर्यंत सुटत नाही. पेशी जगते साधारण 120 दिवस. म्हणून काल पथ्य पाळून आज रक्त दिलं तरी मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब लपत नाही.

1949 साली लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की सिकलचं हिमोग्लोबिन विजेच्या प्रवाहात निराळ्या गतीनं सरकतं. त्यानंतर जगभर रक्त असं ‘पळवून’ वेगळी हिमोग्लोबिनं हुडकायची रीत पडली. हर्मन लेमन हे त्यातलं मोठं नाव. त्यांनी आणि मेरी कटबुश यांनी 1952 मध्ये नीलगिरीच्या आदिवासींमध्ये सिकल दाखवला. 1958 मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी ‘लॅन्सेट’मध्ये मध्य भारतातल्या सिकलची नोंद केली.

पुढे याच लेमन यांच्यासोबत शोधनिबंध लिहिणारे इराणी डॉक्टर सॅम्युएल रहबर तेहरानला असंच रक्त पळवून पाहत होते. त्यांना वेगळी हिमोग्लोबिनं हवी होती, मधुमेह त्यांच्या मनातही नव्हता. काही नमुन्यांत एक पट्टा नेहमीपेक्षा पुढे धावलेला दिसला. ती माणसं मधुमेही निघाली. रहबरांनी मग मुद्दाम मधुमेह्यांचं रक्त तपासलं, तर तिथेही तोच पट्टा! 1968 मध्ये त्यांनी हे छापलं आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्कला हेलन रॅनी यांच्यासोबत ते पक्कं केलं. 1976 मध्ये केनिग, सेरामी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की साखर आटोक्यात आली की हा अंशही उतरतो. 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं 6.5 टक्के ही निदानाची रेघ मान्य केली.

असामान्य हिमोग्लोबिनाच्या शोधात जन्मलेली ही तपासणी नेमकी त्याच हिमोग्लोबिनापुढे अडखळते. सिकलच्या रुग्णाची पेशी दहा-वीस दिवसांतच फुटते, साखर चिकटायला वेळच मिळत नाही. शिवाय आई-वडील दोघांकडून सिकलचा जनुक आला असेल तर रक्तात ‘ए’ जवळपास नसतोच. मग ‘एवनसी’ कुठून मोजणार? तरी काही यंत्रं आकडा छापून देतात. शुगर वाढलेली असताना कागद म्हणतो, छान आहे. मला याचीच धास्ती वाटते.

एकाच पालकाकडून सिकलचा जनुक आलेल्या वाहकांची गोष्ट वेगळी. त्यांच्या पेशी जवळपास पूर्ण आयुष्य जगतात, म्हणून त्यांनी घाबरू नये. पण 2017 मध्ये ‘जामा’त आलेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात, साखर सारखीच असूनही वाहकांचं एवनसी सुमारे 0.3 टक्क्यांनी कमी निघालं. 6.5 च्या रेघेवर उभ्या असलेल्या माणसाला एवढा फरक पुरतो.

गरोदर बाईच्या बाबतीतही हा आकडा कच्चा. तिच्या रक्तात नव्या पेशींची भर वेगानं पडते, आकडा खाली येतो. त्यात लोह कमी असेल तर तोच आकडा वर चढतो. म्हणून आपल्याकडे तिला 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घालून पाजतात, जेवलेली असो वा नसो, आणि दोन तासांनी रक्त घेतात. 140 किंवा त्याहून जास्त आलं तर गरोदरपणातला मधुमेह. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी रुजवलेली ही पद्धत उपाशीपोटी घाट उतरू न शकणाऱ्या बाईसाठी फार मोलाची आहे.

हिमोग्लोबिनं वेगळी करून मोजणाऱ्या एचपीएलसी यंत्राचा कागद कधी हाती आला तर नुसता आकडा वाचून घडी घालू नका. त्यावर एक आलेख असतो. डावीकडे एवनसीची बारीक टेकडी, मग ‘ए’चा उंच डोंगर. वाहकाच्या आलेखात त्याच्याही उजवीकडे आणखी एक डोंगर उभा असतो. तो सिकलचा. तो दिसला की कागद डॉक्टरांपुढे धरायचा, सिकलचं कार्ड सोबत ठेवायचं आणि उपाशीपोटीची व जेवणानंतरची साखर वेगळी तपासून मागायची.