डीएनए पहिल्यांदा सापडला तो पुवात!

बारावीचा निकाल लागला की माझ्याकडे औषधापेक्षा सल्ला विचारायला येणारेच जास्त. "डॉक्टर, बायोलॉजी आवडतं, पण एमबीबीएसला नंबर लागेलसं वाटत नाही. आता काय?" तुम्हालाही हा प्रश्न पडला असेल, तर पेशंट न तपासणाऱ्या एका डॉक्टरची गोष्ट ऐका.

फ्रीडरिश मीशर हा स्वित्झर्लंडमधल्या बासेलचा, जन्म 1844 चा. वडील डॉक्टर, मामा डॉक्टर. 1868 मध्ये तोही डॉक्टर झाला. पण त्याला कमी ऐकू यायचं. पेशंटची छाती तपासायची कशी? म्हणून तो जर्मनीत ट्युबिंगेनला फेलिक्स होपे-झायलर यांच्याकडे गेला. हिमोग्लोबिनला हे नाव देणारे तेच. त्यांची प्रयोगशाळा जुन्या किल्ल्यात होती आणि मीशरच्या वाट्याला किल्ल्याचं स्वयंपाकघर आलं.

पेशी नक्की कशाची बनलेली असते, हे त्याला शोधायचं होतं. त्यासाठी ढीगभर पेशी हव्यात. पू म्हणजे मुख्यतः मेलेल्या पांढऱ्या पेशी, आणि त्या काळी ऑपरेशननंतर जखमा सर्रास चिघळायच्या. मग जवळच्या दवाखान्यातली पुवाने भिजलेली बँडेज आणून तो ती क्षाराच्या पाण्यात धुवायचा. (जेवताना वाचत असाल तर माफ करा!) प्रथिनं पचवायला पेप्सिन हवं होतं, ते त्याने डुकराच्या जठरातून काढलं. प्रथिनं पचून गेली, तरी पेशीच्या केंद्रकातला एक पदार्थ उरलाच. त्यात फॉस्फरस भरपूर होता. हे प्रथिन नव्हतं, काहीतरी वेगळंच होतं. त्याने नाव दिलं 'न्यूक्लिन'. वर्ष 1869, वय अवघं 24. आपण आज त्यालाच डीएनए म्हणतो.

गुरूंना खरं वाटेना. त्यांनी प्रयोग स्वतः पुन्हा करून पाहिले आणि मगच, 1871 मध्ये, ते छापले. मला हे फार आवडतं. शिष्याला दोन वर्षं थांबावं लागलं, पण शोध पक्का झाला.

हा पदार्थ करतो काय, हे मीशरला शेवटपर्यंत उमगलं नाही. 1895 मध्ये क्षयाने तो गेला. आनुवंशिक गुण डीएनएच वाहून नेतो, हे ऑस्वाल्ड एव्हरी आणि सहकाऱ्यांनी 1944 मध्ये दाखवलं. 1953 मध्ये त्याचा दुहेरी पीळ उलगडला. त्यासाठी मोलाचा ठरलेला 'फोटो 51' हा एक्स-रे फोटो रोझलिंड फ्रँकलिन यांच्या हाताखालच्या रेमंड गोसलिंग या पीएचडीच्या विद्यार्थ्याने काढला होता.

मीशरचा प्रयोग तुम्हीही घरी करू शकता, पुवाशिवाय! पिकलेलं केळं कुस्करा, त्यात थोडं मीठ, पाणी आणि भांडी घासायचं लिक्विड घालून हलक्या हाताने ढवळा, गाळून घ्या. साबणाने पेशीचं आवरण फुटतं. पेप्सिनऐवजी चमचाभर ताज्या अननसाचा रस चालेल, तोही प्रथिनं पचवतो. मग ग्लासच्या कडेने फ्रीजमध्ये थंड केलेलं स्पिरिट हळूच सोडा. पांढरे धागे वर येतील, तो डीएनए. (स्पिरिट पेट घेतं, गॅसजवळ नको. आणि आई-बाबांना सोबत घ्या.)

आता नोकरीचं. माणसाच्या डीएनएत सुमारे 300 कोटी अक्षरं असतात. सिकलसेलमध्ये त्यातलं एकच अक्षर बदललेलं असतं. गडचिरोली, नंदुरबारमध्ये हा आजार किती घरांत आहे, हे तिथल्या मुलांना मी सांगायला नको. रक्ताचा नमुना तपासणारा तंत्रज्ञ लागतो, त्या अक्षरांच्या ढिगातून चूक शोधणारा बायोइन्फर्मेटिक्सवाला लागतो. गणित आणि कॉम्प्युटर आवडणाऱ्यांनी हा शब्द लिहून ठेवा. आणि दोघंही वाहक असलेल्या जोडप्याला समोर बसवून, दर गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक आहे हे न घाबरवता समजावणारा जेनेटिक काउन्सेलर लागतो. यातल्या कशालाच एमबीबीएस सक्तीचं नाही. बीएससी, बीटेक, मग एमएससी अशा वाटेनेही जाता येतं.

पुढच्या वेळी निकालपत्रक घेऊन याल तेव्हा केळ्याचा प्रयोग जमला का, ते आधी सांगा.