यादी, संच, कोश : संग्रहांच्या सीमापार प्रवासाचा इतिहास

मराठीतील ‘आम्ही’ आणि ‘आपण’ ही दोन सर्वनामे इंग्रजीत नेली की दोहोंचे एकच सर्वनाम होते. ऐकणारा त्यात धरला आहे की वगळला आहे, हे मराठीत शब्दाचे रूपच सांगते. इंग्रजीत ते संदर्भावरून ताडावे लागते. संस्कृतातील द्विवचन मराठीत आणतानाही ‘दोन’ किंवा ‘दोघे’ असा शब्द वेगळा घालावा लागतो. मूळ भाषेत रूपाने आपोआप सांगितले जाणारे काही दुसऱ्या भाषेत मुद्दाम सांगावे लागते, आणि न सांगितल्यास ते हरवल्याचे कुणाच्या ध्यानातही येत नाही. भाषांतराच्या अभ्यासकांस परिचित असलेला हा प्रश्न संगणकाच्या इतिहासातही फार गांभीर्याने उभा राहिला. एका यंत्रावरील आज्ञावलीने दुसऱ्या यंत्रावरील आज्ञावलीस ‘अनेक वस्तू’ कशा पाठवाव्यात, हे त्याचे तेथील रूप. त्या इतिहासाचा एक धागा येथे मांडण्याचा आमचा विचार आहे.

आज्ञावलीच्या अंतर्भागात अनेक वस्तू एकत्र ठेवण्याचे मुख्यतः तीन प्रकार असतात. यादी क्रम राखते आणि पुनरुक्ती चालवून घेते. संच पुनरुक्ती नाकारतो आणि क्रमाचे आश्वासन सहसा देत नाही. कोश प्रत्येक किल्लीसमोर एक मूल्य ठेवतो. जावा या भाषेने १९९८ साली हे तिन्ही प्रकार एका सुसूत्र चौकटीत आणले. यांतील भेद साठवलेल्या वस्तूंचा नसून आचरणाचा आहे, हे ध्यानात घ्यावयास हवे. परीक्षेस बसलेल्या विद्यार्थ्यांचे बैठक क्रमांक संचात ठेवले, तर तोच क्रमांक दुसऱ्यांदा घालू पाहताच संच तो स्वीकारत नाही. संचाचे संचपण या नकारात आहे. परंतु विद्यापीठाच्या यंत्रावरील वेबसेवा जेव्हा महाविद्यालयाच्या यंत्रावरील ग्राहक-आज्ञावलीकडे हे क्रमांक पाठवते, तेव्हा तारेतून जाते ती केवळ चिन्हांची ओळ. क्रमांक जातात, नकार जात नाही.

आरंभीच्या काळात वाद होता तो याहूनही प्राथमिक गोष्टीचा. एकाच संख्येचे बाइट कोणत्या टोकाकडून पाठवावेत, यावर यंत्रे बनविणाऱ्यांत एकमत नव्हते. डॅनी कोहेन यांनी १९८० साली या भांडणावर एक टिपण लिहिले आणि दोन्ही पक्षांना नावे दिली ती जोनाथन स्विफ्टच्या गलिव्हरच्या प्रवासातून: अंडे मोठ्या टोकाकडून फोडणारे आणि लहान टोकाकडून फोडणारे. ही नावे आजही संगणकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत आहेत. अठराव्या शतकातील उपहासाने विसाव्या शतकातील तंत्रज्ञानास पुरविलेली ही परिभाषा साहित्याच्या विद्यार्थ्यांनी अवश्य नोंदवून ठेवावी.

१९८४ साली झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रातील अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन यांनी दूरस्थ यंत्रावरील कार्यास स्थानिक कार्यासारखेच पाचारण करण्याच्या पद्धतीवर आपला प्रसिद्ध निबंध प्रकाशित केला. अशा पाचारणात स्मृतीतील पत्ता पाठवून भागत नाही. एका यंत्रावरील पत्त्यास दुसऱ्या यंत्रावर काहीच अर्थ नसतो. वस्तू उलगडून, सरळ ओळीत मांडून पाठवावी लागते. सन या कंपनीने १९८७ साली यासाठी जी संहिता प्रसिद्ध केली, तिच्यात बदलत्या लांबीच्या संग्रहाची व्यवस्था अगदी साधी होती: आधी संख्या, मग तितक्या वस्तू, एकामागून एक. संचासाठी अथवा कोशासाठी निराळी सोय नव्हती. पुढील सर्व इतिहासात टिकून राहिले ते हेच रूप.

१९९८ साली डेव्ह वायनर आणि मायक्रोसॉफ्टमधील काही अभियंते यांच्या सहकार्यातून एक्सएमएल-आरपीसी ही पद्धत आली. तिने संग्रहाचे दोनच प्रकार मानले: ओळीने मांडलेल्या वस्तू आणि नावानिशी मांडलेल्या वस्तू. मे २००० मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियमकडे सादर झालेल्या ‘सोप’च्या १.१ या आवृत्तीची महत्त्वाकांक्षा मोठी होती. तिच्या पाचव्या प्रकरणात बहुमितीय ॲरे होते, मध्येमध्ये जागा रिकाम्या असलेले विरळ ॲरे होते, अर्धवट पाठविलेले ॲरेही होते. आज्ञावलीच्या अंतरंगातील समृद्धी शक्य तितकी तारेवर आणण्याचा हा प्रयत्न होता. प्रत्यक्षात या प्रकरणाचे अर्थ निरनिराळ्या कंपन्यांच्या साधनांनी निरनिराळे लावले, आणि एकाने पाठविलेला ॲरे दुसऱ्यास वाचता येईना. परस्परमेळ साधण्यासाठी २००२ साली या कंपन्यांनीच एक संस्था स्थापन केली. तिने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या नियमावलीत सोपच्या त्या खास ॲरेचा सेवावर्णनातील वापर निषिद्ध ठरविला. राहिले ते साधे रूप: तोच घटक पुन्हा पुन्हा.

व्यवहारात याचे परिणाम आज्ञावलीकारांना रोज जाणवत. डॉट नेटच्या आरंभीच्या वेबसेवा कोश पाठविण्यास सरळ नकार देत. २००६ साली आलेल्या नव्या चौकटीत कोश जाऊ लागला, पण तारेवर तो किल्ली-मूल्यांच्या जोड्यांची एक ओळ होऊनच जाई. सेवेने यादी म्हणून दिलेली वस्तू ग्राहकाकडे उतरताना साधारणतः ॲरे होई. यादीच हवी असल्यास ग्राहकाने तसे निवडावे लागे. म्हणजे संग्रहाचा प्रकार पाठविणारा ठरवीत नसून घेणारा ठरवीत होता.

याहून सूक्ष्म प्रश्न रिक्ततेचा. अनुत्तीर्ण विषयांची यादी रिकामी असणे म्हणजे विद्यार्थी सर्व विषयांत उत्तीर्ण झाला. ती यादीच नसणे म्हणजे कदाचित निकालच लागलेला नाही. पण पुन्हा पुन्हा येणाऱ्या घटकाने संग्रह दाखवावयाचा, तर शून्य वेळा आलेला घटक या दोहोंपैकी काय सांगतो? जावातील एक्सएमएल वाचणारी प्रचलित साधने अशा वेळी रिकामी यादी तयार करून हाती देतात. मौनाचा अर्थ ‘काही नाही’ असा लावला जातो. एखाद्या पोथीतील गहाळ पान आणि कवीने मुळात न लिहिलेला अध्याय यांत संपादक जो भेद काटेकोरपणे करतो, तो येथे नकळत पुसला जातो, आणि त्याची किंमत एखाद्या विद्यार्थ्याने मोजावी असा प्रसंग अशक्य नाही.

पुढे जेसन ही जावास्क्रिप्टच्या व्याकरणातून निघालेली लिपी रूढ झाली. तिचे वर्णन २००६ साली अधिकृत दस्तऐवजात नोंदले गेले. तिच्यात संग्रहाची दोनच रूपे आहेत: क्रमबद्ध ओळ आणि नाव-मूल्यांचा समूह. नाव मात्र अक्षरांचेच हवे. ७ ही संख्या किल्ली म्हणून पाठविली की ती ‘७’ हे चिन्ह होऊन पोहोचते. सोपच्या तुलनेत हे दारिद्र्यच, तरीही पुष्कळ क्षेत्रांत जगाने तेच पसंत केले.

आचरणासह संग्रह पाठविण्याचा मार्ग उपलब्धच नव्हता, असे मात्र नाही. दोन्ही बाजूंस जावा असेल, तर १९९७ पासून संच संच म्हणून आणि कोश कोश म्हणून पाठविता येत होता. या मार्गाची परिणती उद्बोधक आहे. कॉमन्स कलेक्शन्स या जावातील लोकप्रिय संग्रहालयात एक विशेष प्रकारचा कोश होता: मागितलेली किल्ली न सापडल्यास नेमून दिलेले कार्य करून तो मूल्य निर्माण करी. हा कोश घेणाऱ्याच्या यंत्रावर आधीपासूनच असे. बाहेरून यावयाची ती केवळ त्याची जुळणी. नेमलेले कार्य घातक असेल अशी जुळणी पाठविली, की घेणाऱ्याने ती उघडताच त्याच्याच यंत्रावर परक्याची आज्ञा चाले. क्रिस फ्रोहॉफ आणि गॅब्रिएल लॉरेन्स यांनी जानेवारी २०१५ मध्ये हे दाखविले. त्याच वर्षी नोव्हेंबरात वेबलॉजिक, वेबस्फिअर, जेबॉस, जेंकिन्स अशा मातब्बर प्रणाली या मार्गाने भेदता येतात, हेही उघड झाले. पाठोपाठ त्या संग्रहालयाच्या नव्या आवृत्तीत ही सोय पूर्वनिर्धारित रूपात बंद करण्यात आली.

आमच्या मते या इतिहासाचे मर्म येथे आहे. सीमेवर संग्रहाचे आचरण गळून पडते, ही हानी खरी. पण ते आचरण सोबत येऊ देणे म्हणजे घेणाऱ्याच्या घरातील अधिकार पाठविणाऱ्याच्या हाती देणे होय. ‘आधी संख्या, मग वस्तू’ ही दरिद्री ओळ घेणाऱ्यास स्वतंत्र ठेवते: ती केवळ वाचावयाची असते, पाळावयाची नसते.

मग संचाच्या त्या नकाराचे काय करावे? त्याचे उत्तरही भाषांतरकाराच्या जुन्या उपायासारखेच आहे: रूपाने जे सांगितले जात होते, ते शब्दांनी सांगावे. एक्सएमएलच्या आराखड्यात अनन्यतेचा नियम लिहिता येतो. जेसनच्या आराखड्यातही ‘या ओळीतील प्रत्येक वस्तू निराळी असावी’ असे नमूद करण्याची सोय आहे. रिकामी यादी आणि अनुपस्थित यादी यांचे अर्थही करारात लिहून ठेवता येतात. नियम असा लिहिला, की घेणारा तो वाचून, आपल्या बाजूस, आपल्या साधनांनी तपासू शकतो. संच पोहोचत नाही. संचाची व्याख्या पोहोचते. बैठक क्रमांकांच्या त्या ओळीसोबत एवढे एक वाक्य पाठविण्यास जो विसरला, त्याच्या विसराळूपणाचा दोष तारेस देता येणार नाही.