एक आरोपी, तीन खटले, तीन बचाव : टिळक आणि कलम १२४ अ

२२ जुलै १९०८ च्या रात्री मुंबई उच्च न्यायालयात टिळकांना शिक्षा सुनावली गेली, एवढे सर्वांना ठाऊक असते. त्या खटल्याच्या आधी एक आणि नंतर एक, असे आणखी दोन खटले राजद्रोहाच्याच प्रश्नावर त्यांच्यावर झाले, आणि प्रत्येक वेळी बचावाचा मार्ग निराळा होता, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. 🧵

पहिला खटला १८९७ चा. १५ जून रोजी ‘केसरी’त शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली एक कविता आणि शिवोत्सवातील भाषणांचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. आठच दिवसांत, २२ जूनला, पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. रँडच्या हत्येचा आरोप टिळकांवर कधीच ठेवला गेला नाही; आरोप होता तो लेखनातून सरकारविषयी ‘अप्रीती’ पसरविल्याचा. परंतु त्या गोळ्यांचा आवाज न्यायालयात कोणाच्याही कानांतून गेलेला नव्हता.

२७ जुलैला अटक झाली. आरंभी जामीन मिळाला नाही. अखेर न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी तो मंजूर केला. टिळकांच्या बाजूने जामिनासाठी उभे राहिलेले बॅरिस्टर होते दिनशा दावर. हे नाव लक्षात ठेवावे.

माफी मागावी आणि प्रकरण मिटवावे, असा सल्ला स्नेह्यांकडून आला. टिळकांनी तो मानला नाही. बचावासाठी कलकत्त्याहून पग आणि गार्थ हे बॅरिस्टर आले. म्हणजे नामवंत वकील, भाषांतरावरचे आक्षेप आणि हेतूचा अभाव, असा हा पूर्णपणे कायदेशीर बचाव होता.

तो दोन ठिकाणी अडला. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला सांगितले की अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. असा अर्थ घेतला तर हेतूवरच्या युक्तिवादाला जागाच उरत नाही, कारण सरकारवर प्रेम नसणे हाच गुन्हा ठरतो. दुसरी अडचण ज्यूरीच्या रचनेची. सहा युरोपियन सदस्यांनी ‘दोषी’ म्हटले, तिघा हिंदी सदस्यांनी ‘निर्दोष’. उच्च न्यायालयात नऊ जणांच्या ज्यूरीपैकी किमान सहा जणांचे एकमत आणि त्याला न्यायाधीशांची संमती पुरेशी असे. सहांपैकी एक जरी फुटता, तरी त्या ज्यूरीच्या मतावर शिक्षा देता आली नसती. शिक्षा झाली १८ महिने सक्तमजुरीची. पुढच्याच वर्षी सरकारने कलमाची भाषा बदलून स्ट्रॅचींच्या अर्थाचा बराचसा भाग कायद्यातच घातला आणि १५३ अ हे नवे कलमही जोडले.

१९०८ मध्ये मुझफ्फरपूरच्या बाँबनंतर लिहिलेल्या ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या अग्रलेखांवर खटला भरला गेला. कलमे १२४ अ आणि १५३ अ. जामिनासाठी बॅरिस्टर जिना उभे राहिले. समोर न्यायाधीश होते न्यायमूर्ती दावर, अकरा वर्षांपूर्वी याच आरोपीसाठी जामीन मागणारे. त्यांनी तो नाकारला आणि कारणे देण्याचेही टाळले.

सरकारने विशेष ज्यूरी मागितली. मराठी लेखांचा निवाडा मराठी न जाणणाऱ्यांच्या हाती जाईल, हा बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा यांचा आक्षेप फेटाळला गेला. निवडले गेले सात युरोपियन आणि दोन पारशी.

खटला उभा राहिल्यावर टिळकांनी स्वतःच बाजू मांडली. ते कायद्याचे पदवीधर होते आणि कायद्याचे वर्गही त्यांनी चालविले होते. सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी त्यांनी शब्दाशब्दांवरून घेतली. घरझडतीत सापडलेल्या, स्फोटकांवरील दोन पुस्तकांची नावे असलेल्या कार्डाचा खुलासा त्यांनी केला : स्फोटकांच्या नव्या कायद्यावर लिहिण्यासाठी ती पुस्तके हवी होती. मग २१ तास १० मिनिटांचे भाषण झाले. बाँबचे समर्थन करणे वेगळे आणि दडपशाहीतून बाँब जन्मतो असे सरकारला बजावणे वेगळे, हा त्याचा गाभा होता.

निव्वळ वकिली दृष्टीने पाहिले तर त्या ज्यूरीसमोर हा बचाव यशस्वी होण्याची शक्यता फार थोडी होती. टिळकांनाही ते कळत नसेल असे मानणे कठीण आहे. भाषण नऊ जणांपुढे होत होते, पण ऐकणारे न्यायालयाबाहेर होते. निकाल सात विरुद्ध दोन. सहा वर्षे हद्दपारी, पुढे मंडालेचा तुरुंग. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला.

तिसरे प्रकरण सर्वांत कमी चर्चिलेले आणि कायद्याच्या अभ्यासकाला सर्वांत उपयोगी. १९१६ मध्ये बेळगाव आणि अहमदनगर येथील स्वराज्यावरील भाषणांबद्दल सरकारने खटला न भरता फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०८ खाली चांगल्या वर्तणुकीची हमी मागितली. पुण्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी २०,००० रुपयांचा जातमुचलका आणि प्रत्येकी १०,००० रुपयांचे दोन जामीनदार असा हुकूम केला.

सरकारला हा सोपा मार्ग वाटला असावा. पण या मार्गावर ज्यूरी नव्हती. दाद मागितली ती उच्च न्यायालयात, न्यायमूर्ती बॅचलर आणि न्यायमूर्ती लल्लूभाई शहा यांच्यापुढे. या वेळी टिळकांनी बाजू जिनांवर सोपविली. चार-दोन वाक्ये वेगळी काढू नका, भाषणे सलग वाचा आणि एकूण परिणाम पाहा, या कसोटीवर प्रकरण तोलले गेले. ९ नोव्हेंबर १९१६ रोजी दंडाधिकाऱ्यांचा हुकूम रद्द झाला. १८९७ मध्ये बड्या वकिलांना आणि १९०८ मध्ये २१ तासांच्या भाषणाला जे साधले नाही, ते येथे साधले.

चौथा मार्ग दुसऱ्या आरोपीने घेतला. १८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादेत, याच कलमाखाली, गांधींनी आरोप सरळ मान्य केला आणि जास्तीत जास्त शिक्षा मागितली. न्यायाधीश ब्रूमफील्ड यांनी टिळकांच्या खटल्याचा नाव घेऊन उल्लेख केला आणि शिक्षा दिली तीही तेवढीच : सहा वर्षे.