‘दारुण’ आणि ‘अनुचित’ : गर्भिणीचर्येतील दोन विशेषणांचा अर्थ

संस्कृतातून मराठीत आलेले तत्सम शब्द वाचकाला ओळखीचे वाटतात, आणि नेमका तेथेच अर्थनिर्णयात प्रमाद घडण्याचा संभव असतो. शब्दाचे रूप तेच राहते; अर्थ मात्र मधल्या शतकांत सरकलेला असतो. पुष्कळदा अशा प्रमादाचा परिणाम ग्रंथापुरता मर्यादित राहतो. परंतु ज्या वचनाच्या आधारे माणसाने काय करावे व काय टाळावे हे सांगितले जाते, तेथे एखाद्या विशेषणाचा अर्थ हा आचाराचाही प्रश्न होतो. गर्भिणीने शरीरश्रम किती करावेत, यासंबंधी चरकसंहितेत आलेले एक वचन या दृष्टीने तपासण्याजोगे आहे.

वचनाकडे वळण्यापूर्वी गरोदरपणाच्या मधल्या महिन्यांचे चित्र संहितेत कसे आहे ते पाहणे इष्ट होय. शारीरस्थानाच्या चौथ्या अध्यायात गर्भाच्या वाढीबरोबर मातेच्या शरीरातील पालटही महिन्यागणिक नोंदविले आहेत. चौथ्या महिन्यात गर्भ स्थिर होतो आणि मातेचे अंग जड होते. पाचव्यात गर्भाचे मांस व रक्त विशेष वाढते, म्हणून ती कृश होते. सहाव्यात गर्भाचे बल व वर्ण वाढतात आणि तिचे घटतात. सातव्यात ती अत्यंत थकते. गर्भाला जे मिळते ते मातेकडून वजा होते, असा हा हिशेब आहे. कालिदासाने रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गात सुदक्षिणेचे वर्णन वेगळ्या क्रमाने केले आहे. ती प्रथम कृश व फिकट होते, डोहाळ्यांचा त्रास ओसरल्यावर तिचे अवयव भरू लागतात, आणि पुढे गर्भाच्या भाराने तिला आसनावरून उठणेही प्रयासाचे होते. आजच्या प्रसूतिशास्त्राला कवीचा हा क्रम अधिक जवळचा आहे. बहुसंख्य स्त्रियांची मळमळ पहिल्या तीन महिन्यांनंतर कमी होते व शक्ती परत येते; विसाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाशयाचा माथा बेंबीपर्यंत पोहोचतो; शरीराचा तोल पुढे सरकतो, सांध्यांचे बंध सैल होतात आणि कमरेवर ताण येतो. मराठीत अशा स्त्रीला ‘अवघडलेली’ म्हणतात. अंग आखडणे आणि गर्भभाराने जड होणे या दोहोंसाठी मराठीने एकच धातू वापरला आहे.

ही निरीक्षणे केवळ पंडितांच्या तर्कातून आलेली नाहीत, याचा पुरावा त्याच स्थानाच्या आठव्या अध्यायात मिळतो. सातव्या महिन्यात गर्भाला केस फुटतात व त्यामुळे मातेला जळजळ होते, असे स्त्रिया म्हणतात, अशी नोंद तेथे आहे. आत्रेयाला हे मत मान्य नाही. वाढत्या गर्भाच्या दाबामुळे दोष उरापर्यंत येतात व जळजळ होते. पुढे कंड सुटते आणि तिच्यापासून ‘किक्किस’, म्हणजे त्वचेवरील वण, उद्भवतात, असे त्याचे म्हणणे आहे. योगायोगाची गोष्ट अशी की, बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी ६४ स्त्रियांची पाहणी करून २००६ मध्ये जो लेख प्रसिद्ध केला, त्यात छातीतील जळजळीची तीव्रता आणि नवजात बालकाच्या केसांचे प्रमाण यांत संबंध आढळला. त्यावरून केसांमुळे जळजळ होते असे सिद्ध होत नाही. दोहोंमागे एकच संप्रेरक कारण असावे, असा तर्क त्या संशोधकांनी मांडला. प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब इतकीच की, शास्त्रकाराच्या कानावर स्त्रियांचे बोलणे पडत होते. त्याचे विधिनिषेधही चालत्याबोलत्या, काम करणाऱ्या स्त्रियांना उद्देशून आहेत, असे धरून वाचणे योग्य ठरते.

या आठव्याच अध्यायात गर्भाला घातक अशा गोष्टींची गणना आहे. उकिडवे, विषम किंवा कठीण आसन, वेगांचा अवरोध, तीक्ष्ण, उष्ण वा अतिमात्र आहार, अपुरे भोजन यांच्या बरोबरीने तेथे ‘दारुणानुचितव्यायाम’ हा समास येतो. मराठी अनुवादात ‘अनुचित व्यायाम’ हे शब्द तसेच ठेवले, तर आजचा वाचक ‘अयोग्य, न शोभणारा व्यायाम’ असा अर्थ घेतो. गर्भिणीला कोणता व्यायाम शोभतो, हा प्रश्न मग वडीलधाऱ्यांच्या मर्जीवर जातो, आणि सर्वच हालचाल संशयास्पद ठरू लागते.

परंतु ‘उचित’ या शब्दाचा संस्कृतातील एक जुना अर्थ ‘सवयीचा, अंगवळणी पडलेला’ असा आहे. ‘सुखोचित’ म्हणजे सुखाला सरावलेला. चरकाच्या परिभाषेत हा अर्थ किती दृढ होता, हे सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायावरून दिसते. तेथे ‘उचित’ पण ‘अहित’ अशा गोष्टींपासून शहाण्याने क्रमाक्रमाने दूर व्हावे, असा उपदेश आहे. जे अहितकारक आहे ते ‘योग्य’ असू शकत नाही. ते सवयीचे मात्र असू शकते. म्हणजे या स्थळी दुसरा अर्थ संभवतच नाही. त्याच अध्यायात शरीराला स्थैर्य व बल देणारी चेष्टा अशी व्यायामाची व्याख्या केली असून ती प्रमाणात आचरावी असे म्हटले आहे. या प्रकाशात गर्भिणीविषयीच्या वचनाचा अर्थ स्पष्ट होतो. निषेध व्यायामाचा नसून कठोर व्यायामाचा आणि सवय नसलेल्या व्यायामाचा आहे. गर्भिणीची शुश्रूषा काठोकाठ तेलाने भरलेल्या पात्राप्रमाणे, क्षोभ होऊ न देता करावी, ही त्याच प्रकरणातील उपमाही याला अनुकूल आहे. तिचा भर हिसका टाळण्यावर आहे.

येथे आणखी एक प्रश्न उरतो, आणि तो अधिक महत्त्वाचा आहे. समासातील दोन विशेषणे एकत्र घ्यावयाची की विकल्पाने? ‘दारुण असून अनुचितही’ असा अर्थ केल्यास, जिला कठोर श्रमांची सवय आहे अशी स्त्री निषेधाच्या कक्षेबाहेर जाते. ‘दारुण किंवा अनुचित’ असा अर्थ केल्यास, सवयीचे असले तरी कठोर श्रम वर्ज्य ठरतात. केवळ व्याकरणाने याचा निर्णय होत नाही. मात्र त्याच वाक्यातील शेजारचे समास साहाय्यक होतात. आसन उकिडवे, विषम आणि कठीण असे एकाच वेळी असेल तरच ते घातक, असा अर्थ कोणी करणार नाही. यांपैकी एक दोष पुरेसा आहे. आहाराच्या समासातही तसेच आहे. वाक्याची घडण एकसारखी असल्याने ‘दारुण’ व ‘अनुचित’ हीही विकल्पानेच घेणे युक्त होय.

परंपरेत हा बारकावा सर्वत्र टिकला नाही. सुश्रुताच्या शारीरस्थानातील वर्ज्य गोष्टींच्या यादीत ‘व्यायाम’ हा शब्द विशेषणावाचून आला आहे. उलट वाग्भटाने अष्टांगहृदयात आयास, भार आणि वाटचाल असा निर्देश करून श्रमाचे प्रकार नेमके केले. सुश्रुताची नुसती यादी हाती घेतल्यास पूर्ण विश्रांतीचा पुरस्कार करता येतो. तिन्ही ग्रंथ एकत्र वाचल्यास तसे करता येत नाही.

आधुनिक वैद्यकाचा प्रवासही निषेधाकडून भेद करण्याकडे झालेला दिसतो. अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेने १९८५ मध्ये गर्भवतीच्या नाडीचे ठोके मिनिटास १४० च्या वर जाऊ नयेत, व कष्टाचा व्यायाम १५ मिनिटांहून अधिक नसावा, अशी मर्यादा घातली होती. १९९४ मध्ये नाडीची ही मर्यादा वगळण्यात आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत, वैद्यकीय अडचण नसल्यास, आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सुचविली आहे. ज्यांना गर्भधारणेपूर्वी जोरकस व्यायामाची सवय होती त्यांनी तो चालू ठेवण्यास हरकत नाही. इतरांनी हळूहळू वाढवावे, असा त्यांचा रोख आहे. पहिल्या तीन महिन्यांनंतर उताणे पडून व्यायाम करू नये, असेही त्यांत सांगितले आहे. चरकानेही नित्य उताणे निजण्याचा निषेध केला आहे; पण त्याचे कारण गर्भाच्या मानेभोवती नाळ गुंडाळली जाते हे, तर आजचे कारण गर्भाशयाच्या भाराने मोठी नीला दबते हे. विधान जुळले तरी उपपत्ती जुळत नाही. म्हणून प्राचीनांना आधुनिक ज्ञान होते असा निष्कर्ष येथून काढता येत नाही. सवय ही श्रमाची एक कसोटी आहे, हे दोघांनी आपापल्या वाटेने ओळखले, एवढेच म्हणता येते.

तथापि सवय ही एकमेव कसोटी मानली, तर तिचा दुरुपयोग होतो. ऊसतोडीच्या फडात मोळी डोक्यावर वाहणाऱ्या स्त्रीला त्या भाराची सवय असते. तिच्या बाबतीत ‘अनुचित’ हे विशेषण लागू पडत नाही; ‘दारुण’ मात्र पडते. भारतातील १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने, स्त्रीने मागणी केल्यास, कष्टाचे किंवा दीर्घकाळ उभे राहण्याचे काम तिला देऊ नये अशी तरतूद केली होती. पण तिचा आरंभ प्रसूतीच्या अपेक्षित दिवसापूर्वी सुमारे दहा आठवड्यांपासून होता. चौथा, पाचवा व सहावा हे महिने तिच्या बाहेरच राहिले, आणि शेतमजुरीवर जाणाऱ्या बहुसंख्य स्त्रियांपर्यंत तो कायदाही पोहोचला नाही. चरकाच्या समासात दोन विशेषणे आहेत. घरात बसवून ठेवलेल्या स्त्रीला त्यांतील दुसऱ्याचा अर्थ नीट कळणे हिताचे आहे; भार वाहणाऱ्या स्त्रीसाठी पहिले विशेषण स्वतंत्रपणे वाचले जाणे अगत्याचे आहे.