स्नानाचा नियम आणि एक पंगत

वणी तालुक्यातील राजूर (कॉलरी) हे गाव कोळशाच्या खाणीमुळे ओळखले जाते. संस्था बदलते म्हणजे काय होते, हे या परिसरातील जुन्या मंडळींना निराळे सांगावे लागत नाही. १ मे १९७३ रोजी देशातील बिगर-कोकिंग कोळशाच्या खाजगी खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७५ मध्ये नागपूर येथे मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफिल्ड्स ही कंपनी स्थापन झाली. तो बदल कायद्याने घडला. परंतु ज्या बदलामागे कायद्याचे बळ नसते, तो संस्थेत कसा रुजतो? या प्रश्नाचा विचार करताना जैन कुळात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांचे चरित्र डोळ्यांसमोर येते.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहिले. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने त्या नगरीत निरनिराळ्या जातींची वसतिगृहे उभी राहिली होती आणि ग्रामीण मुलांना शिक्षणाचा मार्ग मोकळा झाला होता. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभास भाऊराव उपस्थित राहिले. परत आल्यावर स्नान करूनच आत येण्याची आज्ञा झाली. त्यांनी ती मानली नाही आणि त्यांना वसतिगृह सोडावे लागले.

या प्रसंगाकडे आपण प्रांजळपणे पाहिले पाहिजे. ते वसतिगृह हीदेखील त्या काळातील एक सुधारणाच होती. तथापि कालची सुधारणा आज रूढी होऊन बसते आणि संस्था नियम राखण्याच्या नादात माणूस गमावते. येथे गमावलेला माणूस केवढा होता, हे पुढे महाराष्ट्राने पाहिले.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळील काले येथे भाऊरावांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये संस्थेचे कार्य साताऱ्यास आले. तेथील वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एकाच पंगतीस बसत. ज्या नियमाने त्यांना बाहेर काढले, नेमका त्याच्या उलट नियम त्यांनी आपल्या घरात घातला. सनातनी वळणाच्या जैन घरात वाढलेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी या मुलांना पोटच्या लेकरांसारखे सांभाळले; धान्य संपले तेव्हा अंगावरचे दागिनेही दिले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले.

भाऊरावांनी केवळ उपदेशावर विसंबून न राहता नवा विचार रोजच्या कामात बसविला. अंगमेहनत हा वसतिगृहाच्या दिनक्रमाचाच भाग झाला. शाळांना शिक्षक हवेत म्हणून १९३५ मध्ये साताऱ्यात अध्यापक विद्यालय निघाले. १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू होऊन ‘कमवा आणि शिका’ ही योजना माध्यमिक शिक्षणात आली. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी महाविद्यालयाच्या रूपाने ती उच्च शिक्षणापर्यंत पोहोचली. आयुष्य संस्थेला वाहून घेणारे आजीव सदस्य तयार करून त्यांनी कारभार एका व्यक्तीवर अवलंबून ठेवला नाही.

या बांधणीची परीक्षाही झाली. १९४८ मध्ये तत्कालीन मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले. संस्था मोडली असती. पण लोकांनी तिला आपली मानले होते. शिक्षकांनी व सामान्य जनतेने तिला तगवून धरले आणि पुढे अनुदान पुन्हा सुरू झाले. ९ मे १९५९ रोजी कर्मवीरांचे निधन झाले. संस्था मात्र वाढतच राहिली आणि २०१९ मध्ये तिने शंभर वर्षे पूर्ण केली.

संस्थेच्या उत्सवप्रसंगी आपण देणगीदारांची व इमारतींची नोंद आदराने करतो, आणि ती केलीच पाहिजे. त्याच वेळी विश्वस्तांनी व कार्यकर्त्यांनी स्वतःस एक प्रश्न विचारावा : आपल्या नियमावलीत आज असा ‘स्नानाचा नियम’ कोणता आहे आणि त्यापायी कोणता तरुण दाराबाहेर उभा आहे? त्याला आत बोलावून त्याचे म्हणणे ऐकून घेणे, हीच नव्या पन्नास वर्षांची सुरुवात ठरावी.