मुक्ता साळवेचा निबंध : १८५५ सालच्या एका विद्यार्थिनीने मांडलेला हिशेब

(धागा)

१/ १५ फेब्रुवारी १८५५. ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात एका विद्यार्थिनीचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याचा उरलेला भाग १ मार्चच्या अंकात आला. लेखिका सुमारे १४ वर्षांची, मांग समाजातली, पुण्याच्या शाळेत शिकणारी. विषय होता मांग-महारांचे दुःख. शिकू लागलेली एक मुलगी आपल्या भोवतालाकडे पाहते तेव्हा तिला काय दिसते, हे या निबंधातून कळते. त्या निबंधाची आणि त्याच्या वाचनाची ही कथा.

२/ आधी काळ लक्षात घेऊ. नोव्हेंबर १८१७ मध्ये शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले आणि १८१८ मध्ये पेशवाई संपली. म्हणजे निबंध छापला गेला तेव्हा दुसऱ्या बाजीरावाची राजवट संपून जेमतेम ३७ वर्षे झाली होती. मुक्ताच्या आजी-आजोबांच्या पिढीने ती राजवट अंगावर सोसलेली होती. तिच्या लेखणीत उतरलेली पेशवाई ग्रंथांतली नव्हती. वस्तीतल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातून ती तिच्यापर्यंत पोहोचली होती.

३/ आता शाळा. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बुधवार पेठेतील भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. पुढच्या ४-५ वर्षांत पुण्यात मुलींसाठी आणि अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलामुलींसाठी आणखी शाळा उघडल्या. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबाग वाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांचा सत्कार झाला. एकीकडे शासकीय शालजोडी, तर दुसरीकडे रस्त्यात सावित्रीबाईंच्या अंगावर शेण-चिखल, अशी त्या शाळांची दोन टोके होती.

४/ या शाळांतील विद्यार्थिनींपैकी एक म्हणजे मुक्ता. परंपरा तिला लहुजी वस्ताद साळवे यांच्या नात्यातली मानते. लहुजींची पुण्यात तालीम होती आणि वस्तीतील मुले शाळेत यावीत म्हणून त्यांनी फुले दांपत्याला साहाय्य केले. खाऊऐवजी मुक्ताने ग्रंथालय मागितल्याची एक आख्यायिकाही आवडीने सांगितली जाते. पण तिची थोरवी सिद्ध करण्यासाठी आख्यायिकेची गरज पडत नाही. त्यासाठी तिचा छापील निबंध पुरेसा आहे.

५/ निबंधाची बांधणी पाहू. शाळकरी निबंधाचा नेहमीचा साचा असा : विद्येचे महत्त्व, सदाचाराची स्तुती, शेवटी उपदेश. मुक्ता सुरुवात करते ती थेट धर्माच्या मालकीपासून. तिचा तर्क तीन पायऱ्यांचा आहे. वेद केवळ आमचेच, असे ब्राह्मण सांगतात. तसे असेल तर वेद आमचे नाहीत. आणि ग्रंथच आमचा नसेल, तर आम्ही धर्मावाचून राहिलेले लोक ठरतो. मग ती ईश्वरालाच विचारते, आमचा धर्म कोणता ते सांग.

६/ या युक्तिवादातील धार समजून घेतली पाहिजे. प्रतिपक्षाचे विधान खोडून काढण्याचा खटाटोप ती करत नाही. ते जसेच्या तसे मान्य करून त्याचा शेवट काय होतो, ते दाखवते. ज्या धर्मात एकाने भोगावे आणि इतरांनी वंचित राहावे, त्याचा अभिमान आम्ही का बाळगावा, हा तिचा पुढचा प्रश्न. १४ वर्षांच्या मुलीने केलेला हा न्यायशुद्ध विचार पंडितांच्या सभेतही निरुत्तर करणारा ठरला असता.

७/ दुसरा भाग इतिहासाचा. तालमीपुढून गेलेल्या मांग-महाराचे शिर कापले जाई, त्या शिराशी गुलटेकडीवर खेळ चाले, वाड्यांच्या पायात शेंदूर-तेल पाजून माणसे पुरली जात, असे ती नोंदवते. चांगले वस्त्र अंगावर दिसले की चोरीचा आळ येई, हेही सांगते. अभ्यासकाने हे सारे न्यायालयीन पुराव्यासारखे वाचू नये आणि कल्पित म्हणून बाजूलाही सारू नये. ही सामूहिक स्मृती आहे. दरबारी कागदपत्रांत जी माणसे क्वचितच बोलतात, त्यांची भीती आणि त्यांचा अनुभव तिच्यात साठलेला आहे.

८/ याच भागात एक तपशील असा आहे की त्यावर नजर थबकते. मांग-महार वाचायला शिकला तर बाजीराव काय म्हणे, हे मुक्ता सांगते. त्याच्या संतापाचा आशय असा : हे वाचू लागले तर कारभार यांच्या हाती जाणार, मग ब्राह्मणांनी काय धोपटी घेऊन विधवांची डोकी भादरत फिरायचे?

९/ हे एक वाक्य त्या समाजरचनेचा नकाशाच उलगडते. अक्षर हे सत्तेचे साधन, म्हणून ते काही जातींपुरते राखलेले. खालच्या जातीने अक्षराला हात लावला, तर वरच्याला खालचे काम करावे लागेल ही धास्ती. आणि ‘खालचे काम’ म्हणून उदाहरण कोणते आठवते, तर विधवेचे केशवपन. जातीचा अपमान आणि बाईचा अपमान इथे एकाच तोंडून, एकाच श्वासात बाहेर पडतो. मुक्ताने तो तसाच टिपून ठेवला.

१०/ या वस्तऱ्याचा माग पुढे लागतो. १८६३ मध्ये फुले दांपत्याने पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या ब्राह्मण विधवांना गुप्तपणे बाळंत होता यावे, हा त्याचा हेतू. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार झाला. ज्यांच्या हाती तो वस्तरा दिला होता, त्यांनीच तो खाली ठेवला.

११/ निबंधाचा गाभा मात्र तिसऱ्या भागात आहे, आणि तो बाळंतपणाविषयी आहे. आमच्या बाया बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परही नसते, पावसात आणि थंडीत त्यांचे काय हाल होत असतील, असे मुक्ता विचारते. बाळंतरोग झाला तर वैद्याला आणि औषधाला पैसा कुठून आणावा? फुकट उपचार करील असा माणुसकीचा वैद्य तुमच्यात कधी कोणी झाला का?

१२/ हा प्रश्न विचारताना ती वाचकाला एक गोष्ट करायला सांगते : स्वतःच्या अनुभवावरून ताडून पाहा. बाळंतीण हा शब्द उच्चारताच मराठी घरात काय उभे राहते? अंधारी खोली, शेक-शेगडी, बाळंतकाढा, डिंकाचे लाडू, ओटीपोटाला बांधलेला पट्टा, सव्वा महिन्याची विश्रांती. याच ओळखीच्या चित्राशेजारी मुक्ता भिजणारी बाई उभी करते. बाईपण सर्वांचे सारखे असते, हा समज त्या दोन चित्रांच्या मधल्या अंतरात गळून पडतो.

१३/ येथे निबंधाचे वेगळेपण दिसते. स्त्रीचे दुःख आणि जातीचे दुःख अशी दोन प्रकरणे मुक्ता पाडत नाही. तिच्या दृष्टीने छप्पर नसणे हा जातीचा प्रश्न, बाळंत होणे हा बाईच्या देहाचा, वैद्याची फी हा दारिद्र्याचा. पण पावसात भिजणारी बाई एकच. पुढे शंभराहून अधिक वर्षांनी अभ्यासकांनी यासाठी मोठमोठ्या संज्ञा घडवल्या. मुक्ताजवळ संज्ञा नव्हती, तिच्याजवळ पाहिलेली गोष्ट होती.

१४/ मुलेही तिच्या नजरेतून सुटत नाहीत. ब्राह्मणांची पोरे दगड मारून मांग-महारांच्या पोरांना रक्तबंबाळ करतात, तरी ती तक्रार करत नाहीत. कारण उष्टे मागायला त्याच दारात जावे लागते. अन्न ज्याच्या हातून यायचे, त्याच्याविरुद्ध तोंड कसे उघडायचे? परावलंबन माणसाला कसे मुके करते, याचे याहून नेमके वर्णन एकोणिसाव्या शतकातील मराठीत शोधून काढावे लागेल.

१५/ मग आजचा काळ, म्हणजे १८५५ चा. इंग्रजी अमलाविषयी मुक्ता कृतज्ञतेने लिहिते. बाजारात फिरता येते, वस्त्र नेसता येते, जीव घेतला जात नाही, असे ती मोजून सांगते. आजच्या वाचकाला ही स्तुती खटकू शकते. पण तिची तुलना स्वराज्य आणि परराज्य यांच्यातली नाही. कालपर्यंत मृत्यूचे भय होते आणि आज ते कमी झाले, एवढाच तिचा हिशेब आहे.

१६/ त्या आशेची मर्यादाही लवकरच उघड झाली. पुढच्याच वर्षी, १८५६ मध्ये, धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारण्यात आला. त्याने मुंबई सरकारकडे दाद मागितली. एका विद्यार्थ्यासाठी इतर सारे विद्यार्थी शाळा सोडतील, या भीतीने सरकारने हस्तक्षेप टाळला. दार उघडल्याचा आनंद मुक्ताने नोंदवला होता. ते दार किती किलकिले होते, हे धारवाडने दाखवले.

१७/ निबंध छापणाऱ्याचाही विचार करायला हवा. ‘ज्ञानोदय’ हे अमेरिकन मराठी मिशनचे पत्र, १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू झालेले. ब्राह्मणी धर्मावरील टीका मिशनला सोयीची होती, हे उघड आहे. तरीही निबंधाचा आवाज उसना वाटत नाही. गुलटेकडी, बाजीराव, बाळंतिणीचे हाल आणि उष्ट्यासाठी दारात उभी पोरे हे सारे पुण्याच्या वस्तीतले आहे. छापखाना मिशनचा होता, दुःख मुक्ताच्या माणसांचे होते.

१८/ शेवटी ती आपल्याच लोकांकडे वळते. तुम्ही दरिद्री आहात, आजारी आहात, आणि या आजारावर ज्ञान हेच औषध आहे, असा तिचा सांगावा. बाळंतिणीच्या औषधाचा प्रश्न मनात ठेवून हे वाचावे. ज्या समाजाला खरे औषध विकत घेता येत नाही, त्याला ती न विकता मिळणारे औषध सांगते. शाळेत शिकलेली गोष्ट तिने स्वतःपुरती ठेवली नाही.

१९/ आता एक तुलना. १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ पुण्यात छापले गेले. निमित्त होते सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेवरील बालहत्येच्या खटल्याचे आणि त्यानंतर स्त्रीजातीवर झालेल्या चिखलफेकीचे. दोष स्त्रियांचे म्हणून जे सांगता ते पुरुषांत नाहीत का, असा ताराबाईंचा रोकडा सवाल. त्यांची तराजू स्त्री आणि पुरुष यांना तोलते. २७ वर्षांपूर्वीच्या मुक्ताच्या तराजूत एका पारड्यात छप्पर असलेली बाई होती, दुसऱ्यात छप्पर नसलेली.

२०/ दोन्ही तराजू लागतात. पण दीर्घकाळ दोन्ही अडगळीत होत्या. ‘स्त्रीपुरुष तुलना’ स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा प्रकाशात आणले. मुक्ताचा निबंध १९९१ मध्ये सूझी थारू आणि के. ललिता यांच्या भारतीय स्त्रीलेखनाच्या इंग्रजी संकलनातून मराठीबाहेरच्या वाचकांपर्यंत गेला. दरम्यान १९८९ मध्ये ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ या ग्रंथातून आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना इतिहासात जागा मिळवून दिली.

२१/ १९९८ मध्ये शर्मिला रेगे यांनी दलित स्त्रियांच्या वेगळ्या बोलण्याविषयी लिहिलेला लेख गाजला. स्त्रीवादाने जातीकडे पाठ फिरवली तर तो कोणाचा उरतो, हा त्यामागचा प्रश्न. पुण्यातच, सुमारे १४० वर्षांपूर्वी, एका शाळकरी मुलीने वैद्याविषयी विचारलेला प्रश्न याच घराण्यातला आहे.

२२/ म्हणून स्त्रीमुक्तीचा इतिहास कोठून सुरू करावा, हा केवळ सनावळीचा वाद नाही. तो विधवाविवाहाच्या वादापासून सुरू केला, तर त्यात उंबऱ्याआतल्या स्त्रिया दिसतात. १८५५ च्या या निबंधापासून सुरू केला, तर उंबराच नसलेल्या स्त्रियाही दिसू लागतात. आरंभबिंदू निवडताना आपण माणसे निवडत असतो.

२३/ मुक्ता साळवेचे दुसरे लेखन उपलब्ध नाही. दोन अंकांत विभागलेला एक निबंध, एवढीच तिची साहित्यसंपदा. पण अक्षर शिकल्यावर पहिला उपयोग कशासाठी करावा, याचे उत्तर तिने देऊन ठेवले आहे. ज्यांच्या डोक्यावर छप्पर नव्हते, त्यांच्यासाठी तिने कागदावर जागा केली. १७० वर्षांनंतरही ती जागा रिकामी झालेली नाही.

(समाप्त)